न मागता आणलेली कॉफी

२६ जुलै

आली एकदाची! गाडी अजून पुलावरच होती आणि आई फाटकात जाऊन उभी. सकाळी मला म्हणाली होती, गुडघे धरलेत, न्याहारी इथेच आणून दे. दुपारी गुडघे कुठे गेले?

शेम्सा दरवर्षीसारखीच. केस रंगवलेले, पांढरे बूट, अंगाला तिच्या परदेशातल्या ग्राट्सच्या साबणाचा वास. "आईऽऽ" करून गळ्यात पडली. ती रडली, आई रडली, तिचा नवरा रेफिक दोन्ही हातांत बॅगा धरून कुणाचं रडणं आधी संपतंय ते बघत राहिला. मग माझ्याकडे वळून बाईसाहेब म्हणतात, "ताई, किती वाळलीस गं!" मी वाळलेली नाही. गेल्या उन्हाळ्यातही हेच म्हणाली होती.

मी पहाटे उठून बुरेक केलं होतं. टेबलभर पीठ ताणलं, खालच्या चादरीवरची फुलं दिसतील इतकं पातळ. खिमा भरला, वळलं, तव्यात गोल बसवलं. आईने एक तुकडा तोंडात टाकला. "खालून करपलंय. आणि हा कांदा चिरलायस की लाकडं फोडलीस? लक्ष कुठे असतं तुझं, बेहिया?" जावयासमोर!

शेम्साने केक आणला होता. ग्राट्सच्या दुकानातला, प्रवासात एका बाजूने चेपलेला. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "वा! हात सलामत राहोत तुझे." अगं, तिच्या हातांनी नुसतं खोकं उघडलं!

२७ जुलै

धबधब्याच्या आवाजाने शेम्साला झोप लागली नाही म्हणे. या आवाजात जन्मली ती! मी त्याच्याशिवाय झोपूच शकत नाही. सारायेव्होला मुलाकडे गेले की रात्रभर टक्क जागी.

आई मला म्हणते, "त्या खोलीची खिडकी घट्ट लागत नाही, कधीपासून सांगतेय तुला." कधी सांगितलं? मला तरी आठवत नाही.

२९ जुलै

"मला या वेळी आपलं गाव नीट बघायचंय," शेम्सा म्हणाली. बघ बाई. किल्ला बघ, गिरण्या बघ, काय बघायचं ते बघ. पण आई पण निघाली! छत्री घेऊन! खाली धबधब्याच्या पायथ्याशी पर्यटक जातात तिथे तिकीट काढून गेली. आयुष्यभर ज्याच्या तुषारांनी आमचे कपडे वाळले नाहीत, तो धबधबा बघायला तिकीट! फोटो दाखवला मला. आई चिंब भिजलेली, डोक्यावरचा रुमाल घसरलेला, तोंड उघडं टाकून हसतेय. हिला एवढे दात आहेत हे मी विसरलेच होते.

गेल्या वसंतात बर्फ वितळून प्लिवा नदीत पाणी मावत नव्हतं. सगळं गाव पुलावर लोटलं होतं. मी म्हटलं, आई, चल, मीही येते, बघून येऊ. काय म्हणाली? "पाणी काय बघायचं? नळाला येतं की."

तिथून तळ्यावर गेली. जुन्या लाकडी गिरण्यांपाशी जे हॉटेल आहे तिथे ट्राउट खाल्ला. आईने! हॉटेलात! जी म्हणते की ज्यांना घर नाही त्यांनी बाहेर खावं.

संध्याकाळी आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात. "काय केलंयस?" भरले कांदे केले होते. उभ्या उभ्या चार खाल्ले, रस्सा पावाने पुसून घेतला, आणि म्हणते, "भात कच्चा राहिलाय आतला." मी म्हटलं, मग चार कशाला खाल्लेस? "भूक लागली होती म्हणून. तिथे नुसत्या लिंबाच्या फोडी." हॉटेलवाल्याला सांगितलं का हे? नाही. त्याला म्हणे हात सलामत राहोत म्हणून आली.

१ ऑगस्ट

आईने शेम्साला आंघोळीला नक्षीचा टॉवेल काढून दिला. माझ्या लग्नातला आहे तो. मला हात लावू देत नाही.

३ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

शेम्सा सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आज मी करते." हरकत नाही. मी बाहेर वालाच्या शेंगा तोडत बसले, पण कान आत. आई तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसली होती. पीठ फाटलं. पुन्हा मळलं. पुन्हा फाटलं. मला पहिल्यांदा शिकवताना फाटलं होतं तेव्हा लाटणं पाठीत बसलं होतं. आज आतून आवाज काय? "असू दे, असू दे. चिकटव. कुणाला दिसतंय!"

शेवटी तवा बाहेर आला. कुठे बोटभर जाड, कुठे भोकं, पनीर सगळं एका कोपऱ्यात. आणि शेम्सा तो मधोमध ठेवून म्हणाली, "घ्या, पनीरचं बुरेक!"

पनीरचं बुरेक!! माझ्या हातातला काटा थांबला. या गावात दोन वर्षांचं पोरसुद्धा असं म्हणत नाही. मांस असेल तर बुरेक. पनीर असेल तर ती सिर्नित्सा. मी लहानपणी एकदा चुकून म्हटलं होतं, तर आईने मला टेबलावरून उठवलं होतं. "जा, आधी शीक काय खातेयस, मग खा." मी वाट बघत राहिले. आता बोलेल. आता उठवेल हिला.

आई हसली. गालातल्या गालात नाही, चांगली खळखळून. म्हणाली, "घाल गं मला, तुझं पनीरचं बुरेक." आणि दोनदा मागून घेतलं!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडी घासताना एक प्लेट फुटली. आई आतून ओरडली, "काय फोडलंस? ती निळ्या काठाची तर नाही ना? धड धरता येत नाही का?"

निळ्या काठाचीच होती.

५ ऑगस्ट

लुत्सा आली कॉफीला. शेजारीण अशी की भिंत आहे म्हणून म्हणायचं, एरवी एकच घर. आई आणि शेम्सा बाजारात गेल्या होत्या. एक कॉफी झाली, दुसरी झाली, ही उठेना. मी घड्याळ बघितलं तर म्हणते, "काय गं, सिक्तेरुशा टाकायचा विचार आहे की काय? आणलीस तरी उठणार नाही हो मी. रविवारी चर्चला जाऊन तुझ्या नावाने रडेन." मी म्हटलं, तुला उठवायला तिसरी कॉफी फुकट घालवण्याइतकी पूड माझ्याकडे नाही.

मग तिने मान जवळ आणली. "तुला ठाऊक असेलच. शेम्सा आईला न्यायला आलीय."

कुठे?

"कुठे म्हणजे? ग्राट्सला. तीन महिने आत्ता, मग रेफिक कागदपत्रं करणार आहे. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय म्हणे. तुला नाही सांगितलं?"

मी म्हटलं, सांगितलंय की. केव्हाच सांगितलंय. लुत्साने माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक साखरेचा खडा कॉफीत बुडवला.

६ ऑगस्ट

विचारलं नाही. मी का विचारू? सांगतील तेव्हा सांगतील. नेऊ दे! तिला टॉवेल, तिला हसू, तिला आई. मला खिडकी दुरुस्त करायची राहिलीय.

हे वर लिहिलं आणि मग सगळ्या घराकडे बघितलं. वरच्या मजल्यावर भाड्याने देतो ती पाहुण्यांची खोली, खाली मी. हिवाळ्यात पर्यटक नसतात. लुत्सा पाच वाजताच दार लावून घेते. मग बोलायचं कुणाशी? धबधब्याशी?

८ ऑगस्ट

वरच्या खोलीत ल्युब्ल्यानाचं जोडपं उतरलंय. त्यांना संध्याकाळी ट्राउट तळून दिला, मक्याच्या पिठात घोळून, बरोबर बटाटे आणि आमची साय. त्या बाईने डोळे मिटले. नवरा म्हणाला, तळ्यावरच्या हॉटेलात याच्या निम्मीही चव नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "खरंच?" म्हणजे अंगणात बसलेल्या आईला ऐकू जावं!

ते वर गेल्यावर आई म्हणाली, "फुगू नकोस. पाहुणे आहेत ते. पाहुणा नावं ठेवतो का कधी? आणि आपण तरी पाहुण्याला ठेवतो का? मासा जरा लवकर काढलास तू."

मी म्हटलं, "तुला माझं कधी काही चांगलं दिसलंय?"

आई माझ्याकडे बघतच राहिली, मी काही भलतंच विचारल्यासारखी. मग म्हणाली, "कढई भिजत घाल, नाहीतर उद्या घासत बसशील."

११ ऑगस्ट

ऐकलं. चोरून ऐकलं, खोटं कशाला बोलू. मागच्या बाजूला आलुबुखाराच्या झाडाखाली दोघी बसल्या होत्या आणि मी वरच्या खिडकीत चादरी झटकत होते.

शेम्सा म्हणत होती, "लिफ्ट आहे, आई. घरात गरम पाणी, हीटर. डॉक्टर खालीच. तुला काडी उचलावी लागणार नाही." शेम्सा म्हणाली, "एकदा हो म्हण ना." आई म्हणाली, "मिरच्या भाजायच्या राहिल्यात अजून."

म्हणजे मिरच्या झाल्या की जाणार! माझ्याकडून मिरच्या भाजून, सोलून, बाटल्यांत भरून घेणार आणि जाणार. बरोबर बाटल्याही नेणार.

नंतर शेम्सा माझ्याशेजारी भांडी पुसायला आली. मी घासलेली भांडी तिच्यापुढे आपटत होते. तीच म्हणाली, "ताई, तुला निदान ओरडते तरी ती." काय पण टोमणा! माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून, माझंच फडकं हातात घेऊन! मी म्हटलं, "हवं तर तेही घेऊन जा." ती गेली निघून. एक ग्लास ओलाच ठेवून.

१४ ऑगस्ट

झालं ते लिहिते.

दुपारी झाडाखाली सगळे बसलो होतो. आई, शेम्सा, रेफिक, लुत्सा. स्वागताची कॉफी झाली होती. गप्पांची कॉफी झाली होती. शेम्सा लुत्साला ग्राट्सचं घर सांगत होती. भिंतींना फिकट पिवळा रंग दिलाय, आईला आवडतो म्हणून. आईला पिवळा आवडतो? मला कधी बोलली नाही. पलंग असा आहे की बटण दाबलं की डोकं वर. खिडकीतून बाग दिसते. लुत्सा "हो का, हो का" करत होती आणि मधून मधून माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि आई! आई नुसती हसत होती. मान हलवत होती. जशी ती ल्युब्ल्यानाच्या बाईपुढे हलवत होती तशी, पण ते मला आत्ता, लिहिताना सुचतंय. तेव्हा काही सुचलं नाही. तेव्हा मला फक्त पिवळी भिंत दिसत होती आणि तिच्याशी टेकून बसलेली आई.

मी उठले. आत गेले. कॉफीचा जेझ्वा चुलीवर ठेवला, पूड घातली, फेस वर येऊ दिला. मी काय करतेय ते मला नीट ठाऊक होतं. तांब्याच्या तबकात कॉफीचा एकच छोटा कप, फिल्जान, ठेवला. एकच. बाहेर आले आणि तो शेम्सासमोर ठेवला.

कुणीही कॉफी मागितली नव्हती.

सिक्तेरुशा. फार झालं, उठा आता. चिवट पाहुण्याला देतात ती, तीही हसत हसत, चार घरं सोडून राहणाऱ्याला. सख्ख्या बहिणीला, आईच्या अंगणात, कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

रेफिकने फोन काढून त्यात डोकं घातलं. लुत्साने छातीवर क्रूस काढला. शेम्साचा चेहरा त्या तबकासारखा लाल झाला आणि मग पांढरा. मला वाटलं, किती बरं वाटेल! नाही वाटलं.

मग आईचा हात पुढे आला. शेम्सासमोरचा फिल्जान तिने उचलला. फुंकर घातली. एक घोट. पुन्हा फुंकर. कॉफी उकळती होती आणि तिने ती सगळी प्यायली, गाळापर्यंत. फिल्जान तबकात उपडा ठेवला.

"हात सलामत राहोत तुझे, बेहिया," ती म्हणाली.

आणि शेम्साकडे वळून, "कधी निघायचं म्हणालीस?"

१५ ऑगस्ट

तिला दिली होती! आईला नव्हती दिली! हे काय मी ओरडून सांगायला हवं होतं? सगळ्यांना दिसलं कुणासमोर ठेवली ते. आईला तर उलट सगळ्यात आधी दिसलं. मग तिने का घेतली? माझा पाणउतारा करायला. शेम्साची ढाल व्हायला. लाडकी ती लाडकी.

आई बोलते आहे माझ्याशी. नीट बोलते आहे. "बेहिया, जरा पाणी देतेस का? त्रास नाही ना?" असं!

१७ ऑगस्ट

लुत्साने भिंतीपलीकडूनच हाक मारली आणि कुणी ऐकेल याची पर्वा न करता बोलली.

"गाढवे! तिने नाही म्हणून सांगितलं होतं!"

कुणी?

"तुझ्या आईने! आल्या दिवसापासून शेम्सा विनवतेय आणि ही नाही म्हणतेय. गेल्या आठवड्यात माझ्यासमोर म्हणाली, 'बेहियाला टाकून कुठे जाऊ? तिला एकटीला अजून पीठ मळता येत नाही.' शेम्सा रडली त्या दिवशी माझ्याकडे येऊन. म्हणाली, मी आले की आई पाहुण्यांच्या चांगल्या कपात कॉफी देते मला, लुत्सा. वीस वर्षं चांगल्या कपात. आणि तू काय केलंस? म्हातारीला दार दाखवलंस!"

मी म्हटलं, मी तिला दिली नव्हती.

"घर कुणाचं आहे गं?" लुत्सा म्हणाली. "तू त्या घरातून कुणालाही उठ म्हणालीस की ती आधी उठणार. शेम्सा तिची पोर आहे."

मी शेंगांच्या मांडवाखाली बसून राहिले. मुंग्या पायावर चढल्या तरी.

१८ ऑगस्ट

आई कपडे काढून पलंगावर रचतेय. लोकरी मोजे, दोन रुमाल, बाबांचा फोटो. मी दारात उभी. राहा, एवढाच शब्द आहे. लहानसा. तोंडातून निघेना. म्हटलं काय? "मग मिरच्या कोण भाजणार?"

मला वाटलं, आता भडकेल. म्हणेल, मला मोलकरीण समजतेस का, म्हणेल, तू भाजल्यास की निम्म्या जाळतेस. मी तयारच होते.

आई मोज्यांची जोडी लावत म्हणाली, "तुला येतं की सगळं."

मी म्हटलं, "नाही येत."

"येतं गं," ती म्हणाली. किती गोड बोलली! मी स्वयंपाकघरात आले आणि चुलीसमोर उभं राहून रडले. शेम्सा आली होती मागे. मला दिसू नये म्हणून परत गेली.

संध्याकाळी शेम्साला म्हटलं, त्या दिवशीचं... ती म्हणाली, "ताई, मला काही नाही वाटलं." वाटलं होतं. मग म्हणाली, "मी सांगून बघितलं तिला. राहा म्हटलं. म्हणते, कॉफी पिऊन झाल्यावर कोणी बसून राहतं का." आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. मला तिचा राग येत नव्हता. आणायचा प्रयत्न केला, तरी येत नव्हता.

१९ ऑगस्ट

उद्या सकाळी निघतायत.

आज बुरेक केलं. मीठ घातलंच नाही. खिम्यात नाही, पिठात नाही, चिमूटभरही नाही. मुद्दाम. शेम्साने एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आईने सगळं खाल्लं. म्हणाली, "छान झालंय."